धोंडीराम म्हणजे कोण

माझे वडील कप्तान नव्हते. हे आधीच लिहून टाकतो, कारण अजूनही कोन गावच्या नाक्यावर कुणाला माझी ओळख सांगायची झाली की शेजारचा एखादा म्हातारा मध्ये तोंड घालतो, "कप्तानाचा पोरगा ह्यो." मग मी रिक्षात बसलेला असलो तरी खाली उतरतो आणि त्याला सांगतो, कप्तान न्हाय बाबा, चीफ पेटी ऑफिसर. रिक्षावाला हॉर्न मारत राहतो. माझा नातू म्हणतो, आजोबा सोडा ना, कप्तान काय वाईट आहे? वाईट नाही. पण ते आमचं नाही. आमच्या घरात जे आमचं होतं तेच पुष्कळ होतं, आणि ते सांगायलाच मी, चौथीत शाळा सोडलेला माणूस, लिहायला बसलोय. अक्षर वाकडं येतं, ते सरळ करून घ्यायला सुनेला सांगितलंय. मजकुराला हात लावायचा नाही, हेही सांगितलंय.

आमची बौद्धवाडी कोनच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. तेव्हा मानकोलीला गोदामं नव्हती, कल्याण रोडवर कंटेनरची रांग नव्हती, खाडीवरून वारा सुटला की चिखलाचा वास थेट चुलीपर्यंत यायचा. आप्पा नौदलातून पेन्शनवर घरी आले तेव्हा मला मिसरूड फुटलेलं आणि मी भिवंडीजवळ कामतघरला कापडाच्या लूमवर लागलेला. तोपर्यंत आप्पा म्हणजे आमच्यासाठी वर्षातून एकदा येणारा पांढराशुभ्र पाहुणा. आता तो पाहुणा कायमचा आला आणि येताना अख्खं जहाज घरात घेऊन आला. सकाळी पाचला ते एक वाकडी, चकचकीत शिट्टी वाजवत. तिचा आवाज आधी बारीक चढायचा आणि मग कानात खिळ्यासारखा घुसायचा. पहिल्या दिवशी वाडीतली कुत्री पार खाडीपर्यंत पळाली. शिट्टी झाली की गोधड्यांच्या घड्या, घड्यांवर घड्या, मग जमीन झाडायची. जमिनीला ते डेक म्हणायचे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चप्पल आली की "डेकवर कोण चढलं?" असा आवाज यायचा. आई सुरुवातीला गप्प राहिली, पण एकदा त्यांनी चुलीजवळच्या डब्यांची रांग उंचीप्रमाणे लावायला घेतली तेव्हा तिने उलथनं खाली ठेवलं. "अहो, हे घर हाय, तुमचं जहाज न्हाय. हितं मीठ माझ्या हाताला लागंल तिथंच राहील." मीठ राहिलं. बाकीचे डबे मात्र आप्पांनी लावले.

रविवारी माझी सुट्टी असे. ओहोटीला आई बायांबरोबर खाडीच्या चिखलात उतरून निवट्या धरून आणी. चिखलात उड्या मारणारे ते मासे, त्यांचं कोकम घालून कालवण आणि तांदळाची भाकरी. ते कालवण आता मिळत नाही. खाडीचं पाणी काळं झालं, निवट्या गेल्या, आणि जिथे त्या उड्या मारत तिथे भराव टाकून गोदाम उभं आहे. त्या गोदामात दुसऱ्या देशातून आलेले बूट ठेवतात म्हणे. असो. कधी आप्पा स्वतः रांधायला बसत. त्यांना एकच येई, जहाजावरची डाळ, आणि ती थोडक्या माणसांची करायला त्यांना कधीच जमली नाही. मोठं पातेलं शेजारून मागून आणायचे. मग ती डाळ वाडीत घरोघर फिरायची आणि संध्याकाळपर्यंत सगळी वाडी कप्तानाची डाळ खाऊन ढेकर द्यायची.

हे कप्तान नाव असं पडलं. आप्पा पोरवयात भरती झाले, पहिल्या सुट्टीला पांढऱ्या कपड्यात गावात आले, आणि कुणीतरी म्हणालं, कप्तान आला. आमच्या वाडीतला पोरगा, ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं राखली, तो इस्त्रीच्या कपड्यात एसटीतून उतरला, त्याला लोकांनी आपल्या परीने सगळ्यात मोठी पदवी दिली. आप्पांनी त्याच दिवशी सांगितलं की मी कप्तान नाही. पुढे बढत्या मिळत गेल्या, चीफ पेटी ऑफिसर झाले, तेही सांगितलं. पण पेटी हा शब्द ऐकून लोक फसले. आमच्याकडे पेटी म्हणजे एक तर कपड्यांची ट्रंक, नाहीतर भजनातली वाजवायची पेटी. पारूकाकी, आमच्या शेजारची, तिने तर सरळ विचारलं, "म्हंजे जहाजावर पेटी वाजवतोस व्हय रं? आनि एवढा पगार देतात?" तेव्हापासून लोकांनी ठरवलं की हा माणूस विनयाने स्वतःला पेटीवाला म्हणवतो, खरा कप्तानच आहे. आप्पा प्रत्येक वेळी सांगत राहिले, लोक प्रत्येक वेळी मान हलवत राहिले.

इतका हट्ट कशासाठी, हे आप्पा एका पोर्तुगीज माणसावरून सांगत. ती गोष्ट आमच्या घरात कालवणाइतकी नेहमीची होती. गोवा सुटला त्या वेळी आप्पांची नेमणूक पकडलेल्या पोर्तुगीज नौसैनिकांच्या पहाऱ्यावर होती. त्यांच्यात एक तरुण अधिकारी, हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. आप्पा त्याला चहा द्यायला गेले. पहाऱ्यावरच्या दुसऱ्या एकाने कौतुकाने हाक मारली, कॅप्टन साब, चाय. त्या माणसाने चहा घेतला नाही. चांगल्या हाताने आपल्या बाहीवरच्या पट्ट्या दाखवल्या, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मी लेफ्टनंट. माझा कप्तान पलीकडच्या खोलीत आहे, ते नाव त्याचं आहे, मला देऊ नका. मग आप्पांनी लेफ्टनंट म्हटलं आणि त्याने चहा घेतला. आप्पा म्हणायचे, "हरलेला मानूस. देश लांब, जहाज गेलेलं, उद्या काय व्हनार ठाऊक न्हाय. आनि फुकट मिळालेली बढती घेत न्हाय. मी त्याच्यासमोर बंदूक घेऊन हुभा, पन त्या वेळी सलाम करावासा वाटला." सलाम केला का, असं मी दर वेळी विचारायचो. "नियमात नव्हतं," आप्पा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

त्या लेफ्टनंटचं पुढे काय झालं ते आप्पांना पेद्रूकडून कळलं. पेद्रू हा आप्पांचा गोव्याचा जहाजमित्र, त्याची बहीण लिस्बनला दिलेली. तो कधीमधी सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन आमच्याकडे उतरायचा. त्याने सांगितलं की हरून परत गेलेल्यांचं त्यांच्या देशात कुणी स्वागत केलं नाही, वरच्या लोकांनी उलट त्यांनाच जाब विचारले. लेफ्टनंटने बरीच वर्षं अपमान गिळून नोकरी केली. मग तिकडचं राज्य उलटलं, निवडणुका आल्या, आणि हा नौदल सोडून उभा राहिला. आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या गावांतून फिरला आणि निवडून आला. आता मोठ्या सभेत बसतो, मंत्र्यांना उभं करून प्रश्न विचारतो. हे ऐकलं त्या दिवशी आप्पा इतके खूश झाले की जणू आमच्याच घरातलं कुणी आमदार झालं. पातेलं मागवून डाळ केली. जेवता जेवता म्हणाले, दर्यावरचा माणूस पुढारी होऊ शकतो तर. आई म्हणाली, तिकडं होत असंल. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्यांचं ठरलं ते त्याच पंगतीत, हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी त्यांचाच मुलगा आहे आणि आमच्या घरात माणूस गप्प बसला की ठरलं असं समजायचं.

पंचायतीची निवडणूक आली आणि आप्पांनी आमच्या वॉर्डातून फॉर्म भरला. समोर काशिनाथशेठ, गवताच्या वखारीचा मालक, दर वेळचा मेंबर. माणूस वाईट नव्हता, पण त्याची शेतं वरच्या अंगाला. खाली खाडीच्या बांधाला जी उघाडी होती, म्हणजे पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचा आणि भरतीचं खारं पाणी अडवायचा लाकडी दरवाजा, ती मोडून पडली होती. दर मोठ्या भरतीला खारं पाणी भातात घुसायचं. वाडीच्या जमिनीचे तुकडे जायचे, शेतकरी आळीतल्या खालच्या लोकांची खाचरंही जायची. काशिनाथशेठ दर निवडणुकीला उघाडी दुरुस्त करतो म्हणायचा आणि दर निवडणुकीनंतर विसरायचा. आप्पांचं म्हणणं एकच होतं, मला निवडून द्या, पावसाआधी उघाडी उभी करतो. आणखी एक वर्ष खारं पाणी आलं असतं तर त्या जमिनीत पुढे भात आलंच नसतं, हे आळीलाही कळत होतं. म्हणून आळीतले लोकसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, बौद्धवाडीतल्या माणसाला मत द्यायच्या गोष्टी बोलू लागले. निशाणी मिळाली होडी. सगळं जुळून आलं होतं.

प्रचाराचं काम बबनमामाने घेतलं. बबनमामा आईचा भाऊ, भिवंडीत ट्रकवर आणि टेम्पोवर नावं रंगवायचा. हात सोन्याचा. आप्पा पेन्शनच्या कामाला कल्याणला गेले होते तेवढ्यात त्याने गावातल्या होतील तेवढ्या भिंती रंगवून टाकल्या. निळी होडी, खाली लाटा, आणि वर ठसठशीत अक्षरात: कप्तान यांनाच निवडून द्या. आप्पा एसटीतून उतरले, पहिली भिंत बघितली, दुसरी बघितली, घरी येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, पुसा.

मामा हसला. त्याला वाटलं होडी आवडली नाही. कळल्यावर तो चिडला. "दाजी, लोक प्रेमानं म्हनतात. तुम्ही थोडंच सांगताव मी कप्तान म्हनून?"

"भिंत माझ्या वतीनं सांगतेय," आप्पा म्हणाले. "खालच्या बाजूला माझी सही मागशील तर मी देऊ शकतो का?"

मामा म्हणाला, निवडणुकीत असलं कुणी बघत नाही. आप्पा म्हणाले, मी बघतो. मामा ब्रश आपटून भिवंडीला निघून गेला. मग आप्पा स्वतः बनियनवर, चुन्याची बादली घेऊन, भर दुपारी नाक्यावरच्या भिंतीवर कप्तान पुसायला उभे राहिले. समोर वखारीवर काशिनाथशेठचे लोक गवताच्या गाठी बांधत बसलेले. त्यांना यापेक्षा चांगली करमणूक काय. एकजण ओरडला, "कप्तान, होडीला गळती लागली काय?" मी शिफ्ट संपवून सायकलवरून येत होतो. ते ऐकलं, सायकल भिंतीला टेकवली आणि बापाच्या हातातला कुंचला घेतला. त्या दिवशी आम्ही बापलेकांनी गावातला एकूण एक कप्तान पुसला आणि जागोजागी मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: धोंडीराम जाधव यांनाच निवडून द्या. मला आजही वाटतं, त्या भिंतींवरची माझी अक्षरं मामाच्या अक्षरांपेक्षा बघण्यासारखी होती.

आणि इथेच सगळं बिघडलं. कारण धोंडीराम कोण हे गावाला ठाऊकच नव्हतं. आप्पांना लहानपणी वाडीत बारक्या म्हणत. त्या वयातच ते दर्यावर गेले आणि आले ते कप्तान होऊन. आम्ही मुलं आप्पा म्हणणार. आई अहो म्हणणार, दुसऱ्यांशी बोलताना हे म्हणणार. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं ते लग्नात उखाण्यात एकदा, नंतर नाही, ही रीत आळीतही तीच आणि वाडीतही तीच. तर लोकांनी काय बघितलं? काल भिंतीवर कप्तान होता, आज चुना फासलाय आणि जागेवर कुणी धोंडीराम आलाय. अर्थ सरळ होता. कप्तान बसला. म्हणजे माघार घेतली. आणि माणूस उगाच बसत नाही, काहीतरी घेऊनच बसतो. काशिनाथशेठच्या माणसांना काही करावंच लागलं नाही. कुणी विचारलं की ते नुसते हसायचे. त्या हसण्याने आमचं वाटोळं केलं. आळीतले लोक रस्त्यात आप्पांना बघून तोंड फिरवू लागले. लूमवर मला एक भैया म्हणाला, सुना तेरे बाप को अच्छा दाम मिला. मी त्याची गचांडी धरली तेव्हा मुकादमाने सोडवलं. आप्पा दारोदार जाऊन सांगत होते, धोंडीराम मीच. पण विकला गेलेला माणूस दारात येऊन काहीही सांगणारच, असं लोक समजत. पुरुष ऐकून घेत आणि ओटीवरूनच वाटेला लावत.

मतदान तोंडावर आलं होतं. मी आईबरोबर भात सडायला गिरणीवर गेलो होतो, सायकलवर पोतं होतं. गिरणी नाक्याच्या मागे, डिझेलच्या इंजिनावर चालायची. तिथे आळीच्या, वाडीच्या सगळ्याच बाया नंबर लावून बसत, कारण भात सगळ्यांनाच सडावं लागतं. इंजिनाचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडायचं. काशिनाथशेठची बायको, तिला सगळे शेठाणी म्हणत, सुपात तांदूळ पाखडत होती. ती मनाने मोकळी बाई, टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून तिने आईला माझ्या नावाने हाक मारून विचारलं, "यशाची आय, तुझा नवरा बसला तो बसला, पन ह्यो धोंडीराम कुठनं आनला?"

आई म्हणाली, ते बसले नाहीत. शेठाणी म्हणाली, मग धोंडीराम कोण? आई म्हणाली, आमच्यातलेच. दीर का? दीर नाही. मग कोण गं, चुलत सासरा? आई म्हणाली, यशाचे आप्पा. "यशाचा आप्पा तर कप्तान," पारूकाकी मध्येच म्हणाली, आणि ती आमच्या शेजारची. बाया हसल्या. आईने पुन्हा सांगितलं, तेच ते. तेच म्हंजे कोन, शेठाणी म्हणाली, नाव घेऊन सांग की बाई, आम्हाला काय समजायचं. आईचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला होता. मी पुढे झालो, म्हटलं मी सांगतो. आईने मला हाताने मागे सारलं. पोराच्या तोंडचं पटलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, इंजिनाच्या वर आवाज काढायचा म्हणून छाती भरून घेतली, आणि नेमक्या त्याच क्षणी गिरणीचा पट्टा उतरला. इंजिन हुंदका देऊन बंद पडलं. त्या अचानक पडलेल्या शांततेत माझ्या आईचा आवाज नाक्यापर्यंत गेला:

"धोंडीराम माझा नवरा हाय!"

नाक्यावर वखारीत गाठी बांधणारे हातही थांबले. गिरणीवाला पट्टा हातात धरून तसाच उभा. बायांपैकी कुणी तरी तोंडाला पदर लावला. मग पारूकाकीच्या लक्षात आलं आणि ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया, नाव घेतलंस की! आता उखाना तरी घे."

"उखाना बिखाना न्हाय," आई म्हणाली. एकदा घेतल्यावर तिची भीती गेली होती. "कोरडंच घेते. धोंडीराम. कप्तान न्हाय, कदी नव्हतंच, ते पेटीचे हाफिसर हायेत. ह्यांनीच उभं राहून नाव पुसलंय, कारन ते खोटं व्हतं. बसले न्हायत, बसनार न्हायत. होडी ह्यांचीच हाय." आणि मग शेठाणीकडे वळून तिने हळू आवाजात विचारलं, "आता तुमी सांगा, लग्नानंतर जन्मात न घेतलेलं नाव बसलेल्या मानसासाठी कोन घेईल?"

शेठाणीने सूप खाली ठेवलं. त्या बाईचं माहेर खालच्या खाचरांच्या बाजूचं होतं, हे मला नंतर कळलं.

आप्पांपर्यंत गोष्ट आमच्या आधी पोचली. आम्ही घरी आलो तर ते दारात उभे, अंगात इस्त्रीचा सदरा. आई त्यांच्याकडे न बघता आत गेली आणि भाकऱ्यांना लागली. मग आप्पांनी बाहेरूनच विचारलं, आता हाक काय मारणार? "घरात अहोच," आई म्हणाली. "बाहेरचं बाहेर." आप्पा जेवले, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःचं ताट स्वतः घासलं. त्यांच्या दृष्टीने ही मोठी मानवंदना होती.

त्यानंतर प्रचार असा झालाच नाही. बायांनीच काय ते केलं. पाणवठ्यावर, शेतात राब भाजताना, शेणी थापताना, ती गोष्ट घरोघर फिरली, आणि प्रत्येकीने आपल्या घरात सांगताना हसत हसत आप्पांचं नाव घेतलं. दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाला बंदी नव्हती. पुरुष मात्र शेवटपर्यंत कप्तान कप्तानच करत राहिले; होडी कप्तानाची, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं, नाव नाही. मतदानाच्या दिवशी बाया नटून रांगेत उभ्या राहिल्या. मला मताचं वय नव्हतं, मी लांबून बघत होतो.

मतमोजणी भिवंडीला झाली. आमचे लोक ट्रकने गेले, पुरुष एका बाजूला, बाया पिंपळाच्या पारावर. बबनमामाही आला होता, राग विसरून, खिशात गुलालाची पुडी घेऊन. आप्पा एकटेच ताठ उभे, हात मागे बांधलेले, पाय फाकून, जसे ते डेकवर उभे राहत असतील तसे. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठा आहे, गुडघे दुखतात, पण कुठेही थांबायचं झालं की मी तसाच उभा राहतो. बसा म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

साहेब कागद घेऊन बाहेर आले. एकेक वॉर्ड वाचत गेले. आमचा वॉर्ड आला, आणि त्यांनी चष्मा सावरून वाचलं, विजयी उमेदवार, धोंडीराम लक्ष्मण जाधव.

पुरुषांची बाजू गप्प. सगळे पुढचं ऐकायला कान देऊन उभे, कप्तानाचं नाव कधी येतंय म्हणून. जन्मभर दाजीच म्हणत आलेला मामाही पुडीवर हात ठेवून पुढच्या नावाची वाट बघत होता. आणि तेवढ्यात पारावरून बायांचा असा आवाज उठला की साहेबांच्या हातातला कागद हलला. वाडीच्या, आळीच्या, सगळ्या एकदम. त्यांच्या मध्ये माझी आई, पदराने तोंड झाकून, खांदे हलत होते, हसत होती की रडत होती देव जाणे.

माझ्या पुढे आळीतला एक बाप्या होता. तो वैतागून मागे वळला आणि म्हणाला, "ह्या बाया कुनासाठी वरडतात रे?"

मी म्हणालो, "माझ्या बापासाठी."